खाडीतल्या जिताड्यासाठी सॉफ्ट प्लास्टिक आमिष: निवड आणि गळावर चढवण्याची रीत

दसरा-दिवाळीच्या सुमारास कोकणातल्या खाड्यांचे पाणी निवळू लागते आणि मुंबई-पुण्याकडून कोरा करकरीत रॉड घेऊन गरवायला येणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. त्यांची पेटी उघडून पाहिली, तर बहुधा एकच दृश्य दिसते: रंगीबेरंगी रबरी माशांची पंधरा-वीस पाकिटे, आणि तळाशी आमिष बुडवणारी, गळ बसवलेली, एकाच वजनाची चार-पाच शिशाची डोकी. रंग डोळ्यांत भरतात, शिसे भरत नाही, म्हणून असे होते. प्रत्यक्षात आमिष किती वेगाने बुडते आणि ओढताना सरळ पोहते की नाही, या दोन गोष्टींवर मासा लागणे जितके अवलंबून असते तितके ते रंगावर नसते. त्यामुळे या लेखात आधी शिशाचे डोके, मग गळ, मग रबरी अंग आणि सर्वांत शेवटी रंग असा क्रम धरला आहे, आणि खरेदीही याच क्रमाने करावी असे माझे सांगणे आहे. उदाहरणासाठी खाडीतला जिताडा समोर ठेवला आहे, कारण गळावर आमिष वाकडे बसले असेल तर ते हा मासा फार लवकर लक्षात आणून देतो.

सॉफ्ट प्लास्टिक म्हणजे पीव्हीसीच्या भुकटीत मऊपणा आणणारे तेलकट रसायन मिसळून, ते मिश्रण तापवून साच्यात ओतलेले आमिष. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन येथे निक क्रीम यांनी १९४९ साली अशा मऊ प्लास्टिकचे गांडूळ तयार केले, आणि पुढे बुडालेल्या झाडांनी व पाणवनस्पतींनी भरलेल्या तलावांत ते न अडकता फिरवता यावे म्हणून गळाचे टोक त्याच्या अंगातच लपवण्याची रीत रूढ झाली. तिला टेक्सास रिग म्हणतात. आपल्याकडे तिथला बास मासा नाही, पण खारफुटीच्या मुळांआड दबा धरून बसणारा जिताडा आणि तांबोशी आहेत, आणि अडचणीच्या जागेतून आमिष सुखरूप बाहेर काढण्याचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. अलीकडे टीपीई या जास्त ताणल्या जाणाऱ्या पदार्थाचीही आमिषे मिळतात. झेड-मॅन या कंपनीचा माल त्यातला सर्वपरिचित आहे. ही आमिषे पाण्यावर तरंगतात आणि केंड माशाने कुरतडली तरी सहजी तुटत नाहीत, मात्र ती पीव्हीसीच्या आमिषांबरोबर एका डबीत ठेवू नयेत. दोन्हींची रासायनिक प्रक्रिया होऊन ती वितळतात, आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहिलेल्या माझ्या अशा एका डबीतून शेवटी हिरवट-गुलाबी चिकट गोळा चमच्याने खरवडून काढावा लागला होता.

आधी वजन ठरवावे

ज्या डोक्यात गळ ओतलेला असतो त्या शिशाच्या गोळीला जिगहेड म्हणतात. बाजारात ती ग्रॅममध्ये किंवा औंसात मिळते. पाव औंस म्हणजे ७ ग्रॅम, अर्धा औंस म्हणजे १४ ग्रॅम आणि एक औंस म्हणजे २८ ग्रॅम, एवढे लक्षात ठेवले की काम भागते. वजन निवडण्याचा नियम एका वाक्यात सांगता येतो: ज्या सर्वांत हलक्या वजनाने आमिष तळाला टेकल्याचे हाताला कळते, ते वजन त्या वेळेपुरते योग्य. त्याहून जड डोके लावले तर आमिष दगडासारखे बुडते, चिखलात रुतते किंवा कालवांच्या खडकात अडकते. हलके लावले तर प्रवाह त्याला मधल्या पाण्यातून वाहून नेतो आणि तळाशी बसलेल्या माशाच्या ते दृष्टीसही पडत नाही. जिताडा आमिषावर झेपावतो तो बहुतेक वेळा ते खाली पडत असतानाच, त्यामुळे हे पडणे जितके सावकाश होईल तितके बरे.

हे ओळखण्यासाठी आमिष पाण्यात पडताच दोरीला किंचित ढील देऊन मनात सावकाश आकडे मोजावेत आणि नजर दोरीवर ठेवावी. सरसर जाणारी दोरी अचानक सैल पडली की आमिष तळाला लागले. दोन-तीन मीटर पाण्यात हे साधारण चार ते आठ आकड्यांत घडावे. दहा-बारा मोजूनही दोरी एका बाजूला वाहतच राहिली, तर वजन एक पायरी वाढवावे, आणि दोन म्हणता म्हणता ती सैल पडली तर कमी करावे. आता ही पायरी कोणती, हे खाडी आणि तिथी यांवर अवलंबून असते. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार ते पाच मीटरपर्यंत जातो, तर गोव्याकडे तो दोन मीटरच्या आसपास राहतो. साहजिकच धरमतरच्या किंवा कुंडलिकेच्या खाडीत उधाणाच्या ओहोटीला जे पाणी धावते, ते तेरेखोलला धावत नाही, आणि दक्षिणेत ७ ग्रॅमवर आरामात गरवणारा माणूस रेवदंड्याला आला की त्याला १४ ग्रॅम हाताशी ठेवावे लागते. याच कारणाने सप्तमी-अष्टमीच्या भांगाच्या दिवसांत पाणी मंद असते, तेव्हा हलकी डोकी चालतात.

तिथीवरून वेळ काढण्याचा जुना ठोकताळाही नवशिक्याने शिकून घ्यावा. तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची वेळ येते: अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. हा हिशेब मुंबईच्या आसपास ढोबळमानाने जमतो, खाडीत आत गेल्यावर भरती उशिरा पोहोचते, आणि नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचे तक्ते पाहावेत. पण तक्ता हाताशी नसताना केवळ दिनदर्शिकेवरून शनिवार-रविवारचा बेत ठरवता येतो, ही सोय लहान नाही.

सुरुवातीला ५, ७, १० आणि १४ ग्रॅमची प्रत्येकी चार-पाच डोकी पुरेशी आहेत. जेट्टीवरून खोल पाण्यात गरवायचे असेल तरच २१ ग्रॅमची दोन जवळ ठेवावीत. शिशाची गोळी दातात धरण्याची सवय मात्र लावून घेऊ नये, आणि हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावू नये, कारण शिसे विषारी आहे.

गळ

जिताड्याच्या तोंडात सुरमईसारखे कापणारे दात नसतात, पण त्याचा जबडा कडक असतो आणि पळताना तो मान झटकत पाण्याबाहेर उसळतो, त्यामुळे कमकुवत गळ हमखास उघडतो. माझा पहिला मोठा मासा असाच गेला. आत शिसे बसवलेला, पाकिटातून काढून थेट बांधता येणारा एक स्वस्त शॅड, म्हणजे लहान माशाच्या आकाराचे आमिष, मी वापरत होतो. तीन-चार उसळ्यांनंतर दोरी एकाएकी हलकी झाली, आणि ओढून पाहिले तर आमिष जसेच्या तसे होते, फक्त गळाचा बाक उघडून तो भिंतीतल्या खुंटीसारखा सरळ झाला होता. तेव्हापासून कोणतेही नवे डोके वापरण्यापूर्वी मी गळाचे टोक लाकडी फळीत रुतवून पक्कडीने दांडा जोरात ओढून पाहतो. वाकून पूर्ववत होणारा गळ चालतो, वाकून तसाच राहणारा चालत नाही.

मापाचे गणित सोपे आहे: शून्याआधीचा आकडा जितका मोठा, तितका गळ मोठा. तीन इंची आमिषाला २/० किंवा ३/०, चार इंचीला ४/० आणि पाच इंचीला ५/० किंवा ६/० गळ बहुधा बसतो. छापील मापांवर मात्र पूर्ण विसंबू नये, कारण प्रत्येक कंपनीचे माप थोडे वेगळे असते. आमिषाशेजारी गळ धरून पाहावा: टोक अंगाच्या साधारण मध्यावर बाहेर यावे, आणि आमिषाची जाडी वजा जाता बाकात निदान तितकीच मोकळी जागा उरावी. लहान गळ जाड आमिषात बुडून जातो आणि माशाच्या तोंडात रुततच नाही, मोठा गळ शेपटीपर्यंत पोहोचून तिचे हलणे बंद करतो. टोक अंगठ्याच्या नखावरून हलकेच फिरवावे. ते नखात अडकले तर धार आहे, घसरले तर कानस लावावी किंवा गळ बदलावा.

अंग कसे निवडावे

त्या खाडीत त्या दिवसांत मासा काय खातो आहे, हे आधी पाहावे. काठावर पाच मिनिटे नुसते उभे राहिले तरी ते दिसते. बोईटांचे थवे पृष्ठभागाजवळ फिरत असतील, तर साडेतीन-चार इंची, पसरट शेपटीचा शॅड घ्यावा. या शेपटीला पॅडल टेल म्हणतात, आणि नुसते ओढले तरी ती डावी-उजवीकडे आपटत राहते, म्हणून नवशिक्याने पहिले पाकीट याचेच घ्यावे. ओहोटीला काठच्या उथळ पाण्यात करंदी टणाटण उडत असेल, तर तीन इंची कोळंबीचे आमिष चांगले. मुडदुशे किंवा मांदेली दिसत असतील, तर सडपातळ, टोकदार शेपटीचे आमिष चालते, मात्र त्याला स्वतःची चाल नसते आणि सगळा जीव मनगटाने घालावा लागतो, त्यामुळे ते दुसऱ्या हंगामासाठी ठेवले तरी बिघडत नाही. चिखलावर निवट्या सरपटताना दिसल्या, तर गडद रंगाचा, वळलेल्या शेपटीचा ग्रब, म्हणजे अळीसारखे आखूड आमिष, हे माझे आवडते आहे. ते भपकेबाज दिसत नाही आणि म्हणून फारसे कोणी विकतही घेत नाही, पण तांबोशी त्यावर वेड्यासारखी येते.

वास लावलेली आमिषेही मिळतात. बर्कली कंपनीचे गल्प हे त्यातले सर्वांत परिचित. मंद पाण्यात आणि रात्री त्यांचा फायदा होतो, पण पाकीट नीट मिटले नाही आणि आतले पाणी आटले, तर ती आमिषे वाळून चामड्यासारखी कडक होतात आणि गळावरून काढताना सुरी लागते.

रंगाबद्दल थोडक्यात सांगतो. निवळ पाण्यात पाठ काळसर-हिरवट आणि पोट रुपेरी असे नैसर्गिक रंग, गढूळ पाण्यात पांढरा किंवा झगझगीत पोपटी, आणि पहाटे, संध्याकाळी व रात्री काळा किंवा गडद जांभळा. अंधारात काळा रंग घेण्याचे कारण असे की खालून वर पाहणाऱ्या माशाला उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर काळी आकृती स्पष्ट दिसते. या तीन रंगांपलीकडे पहिल्या वर्षी पैसे घालवू नयेत.

साध्या जिगहेडवर चढवणे

ही कृती घरी, टेबलावर, चांगल्या उजेडात आधी पाच-सहा वेळा करून पाहावी. खाडीवर वाऱ्यात आणि ओल्या बोटांनी पहिल्यांदाच करू जाल तर आमिषे फाटतील.

प्रथम जिगहेड आमिषाच्या कुशीला लावून धरावे. शिशाचे डोके आमिषाच्या नाकाच्या पुढे राहील अशा बेताने धरल्यावर, गळाचा बाक जिथे संपतो ती जागा आमिषाच्या पाठीवर नखाने दाबून खूण करावी. टोक तिथूनच बाहेर यायचे आहे. ही खूण न करता अंदाजाने टोचणे, हीच नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक असते.

मग गळाचे टोक नाकाच्या बरोबर मध्यबिंदूत रोवावे आणि आमिषाच्या पोटातून सरळ पुढे सरकवत न्यावे. इथे गळ ढकलण्याऐवजी दुसऱ्या हाताने आमिषच गळावर चढवत जावे, सुईवर मोगऱ्याची कळी ओवतो तसे. बाक सुरू झाला की आमिषाला तसेच वळण देत खुणेपर्यंत न्यावे आणि टोक पाठीच्या मधोमध शिवणीवर बाहेर काढावे. साच्याची शिवण बहुतेक आमिषांच्या पाठीवर बारीक रेषेसारखी दिसते, आणि टोक त्या रेषेवर आले की निम्मे काम साधले.

शेवटी नाक शिशाच्या मानेपर्यंत घट्ट सरकवावे. मानेवर एक लहानसा काटा किंवा कडे असते, ते आमिषाला धरून ठेवते. पीव्हीसीच्या आमिषात मानेवर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा एक थेंब लावला तर ते पाच-सहा मासे जास्त टिकते. नंतर डोके चिमटीत धरून आमिष समोरून पाहावे. ते कुठे फुगलेले, दबलेले किंवा केळ्यासारखे वाकलेले दिसता कामा नये. तसे दिसले, तर ते काढून त्याच भोकातून पुन्हा न घालता किंचित बाजूने नवे भोक पाडून चढवावे.

खरी परीक्षा पाण्यात होते. पहिली फेक टाकण्यापूर्वी पायाजवळच्या पाण्यात आमिष हातभर ओढून पाहावे. अंग सरळ राहून फक्त शेपूट हलली, तर बरोबर आहे. आमिष कुशीवर पडत असेल किंवा गिरक्या घेत असेल, तर कितीही आळस आला तरी ते पुन्हा चढवावे, कारण गिरकी घेणाऱ्या आमिषाला जिताडा तोंड लावत नाहीच, वर दोरीला पीळ पडून चौथ्या-पाचव्या फेकीला रिळावर गुंता होतो.

कोळंबीच्या आमिषाला एक अपवाद आहे. जिवंत कोळंबी घाबरली की शेपटी आपटून मागे उसळते, म्हणून नुसत्या कोळंबीच्या आकाराच्या आमिषात गळ शेपटीकडून घालावा, म्हणजे ओढल्यावर ते शेपटी पुढे करून पळते आणि मिशा-पाय मागे फरफरतात.

अडचणीच्या जागी गळाचे टोक लपवणे

खारफुटीची मुळे, कालवांचे खडक, जुन्या जेट्टीचे खांब अशा जागी उघड्या टोकाचा जिगहेड म्हणजे शिशाचे दान. तिथे वाकड्या मानेचा वीडलेस, म्हणजे न अडकणारा, गळ वापरावा. त्याच्या नेढ्याजवळ दांड्याला एक पायरीसारखी घडी असते, आणि पोटाशी शिसे गुंडाळलेले असले तर वेगळे वजन लावावे लागत नाही.

टोक नाकाच्या मध्यात सरळ रोवून फक्त पाच-सहा मिलिमीटर आत न्यावे आणि हनुवटीखालून बाहेर काढावे. सगळा गळ त्या भोकातून ओढत न्यावा, दांड्याची घडी नाकात जाऊन बसेपर्यंत. आता गळ अर्ध्या वळशात फिरवावा, म्हणजे टोक आमिषाच्या पोटाकडे तोंड करेल. गळ कुशीला मोकळा लोंबू द्यावा, बाक जिथे पोटाला टेकतो तिथे खूण करावी, आमिष किंचित आखडून टोक त्या खुणेतून आरपार पाठीवर काढावे, आणि मग पाठीची कातडी चिमटीने पुढे ओढून टोक तिच्याखाली जेमतेम, केसभर, लपवावे. बोट फिरवले तर टोक लागू नये, पण दाबले तर लागावे. खोल रुतवलेले टोक मासा चावला तरी बाहेर येत नाही, आणि मग माणूस रॉडला दोष देतो.

या रचनेत मासा लागल्यावर झटका जरा जोराचा द्यावा लागतो, कारण गळाला आधी रबर आणि मग जबडा असे दोन अडथळे पार करायचे असतात. उघड्या टोकाच्या जिगहेडला नुसती रॉड उचलून दोरी ताणली तरी पुरते.

दोरी, लीडर आणि गाठ

सात-साडेसात फुटी, १० ते ३० ग्रॅम वजनाची आमिषे फेकणारा रॉड, ३००० किंवा ४००० मापाचे रीळ आणि २० ते ३० पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, हा खाडीसाठी योग्य जोड आहे. ब्रेड ताणत नाही म्हणून तळाचा स्पर्श हाताला कळतो, पण कालवांवर घासली की ती क्षणात तुटते. शिवाय जिताड्याचे ओठ खरखरीत असतात आणि गालफडाची कड पात्यासारखी धारदार असते. म्हणून पुढे हातभर ते दीड हात, ३० ते ४० पौंडी लीडर, म्हणजे जाड, एकसंध दोरीचा तुकडा, लावावाच. ब्रेड आणि लीडर जोडायला डबल युनी गाठ शिकण्यास सोपी आहे, एफजी गाठ सडपातळ आणि अधिक पक्की होते पण तिला सराव लागतो. रिळाचा ड्रॅग, म्हणजे ताण आला की दोरी सुटू देणारी पकड, दोन-अडीच किलोच्या ताणाला दोरी सुटेल इतका घट्ट ठेवावा.

आमिष मात्र फासाच्या गाठीने बांधावे, म्हणजे ते नेढ्यात मोकळे हलते. लीडरच्या टोकापासून वीतभर अंतरावर एक सैल साधी गाठ मारून ठेवावी. टोक नेढ्यातून ओवून त्या सैल गाठीतून ज्या बाजूने बाहेर आले होते त्याच बाजूने परत आत घ्यावे, मूळ दोरीभोवती चार वेढे द्यावेत, पुन्हा त्याच गाठीतून मागे आणावे, थुंकीने ओले करावे आणि सावकाश आवळावे. फास करंगळीच्या नखाएवढा राहिला की छान. कोरडी आवळलेली गाठ उष्णतेने कमजोर होते.

पाण्यात चालवणे

खारजमिनीच्या बांधाला पाणी आत-बाहेर करण्यासाठी असलेली उघाडी, जिला गोव्यात मानस म्हणतात, ही शिकण्याची उत्तम जागा आहे. ओहोटी लागून तासभर झाला की आतल्या पाण्याबरोबर करंदी आणि बोईटांची पिल्ले बाहेर वाहून येतात, आणि जिताडा धारेच्या मधोमध न राहता तिच्या कडेला, जिथे धावते पाणी आणि थबकलेले पाणी यांची शिवण पडते, तिथे येणाऱ्या पाण्याकडे तोंड करून थांबतो. आमिष थेट त्याच्या डोक्यावर न टाकता धारेच्या वरच्या अंगाला टाकावे आणि पाण्याबरोबर त्या शिवणीपर्यंत येऊ द्यावे.

आमिष तळाला टेकले की रॉडचे टोक घड्याळातल्या नवावरून दहावर उचलावे, पुन्हा नवावर आणत मोकळी पडलेली दोरी रिळाने गोळा करावी, आमिष परत टेकू द्यावे आणि दोन आकडे थांबावे. नवशिक्या हे थांबणे विसरतो आणि सारखा चक्री फिरवत राहतो. थांबलेल्या त्या क्षणी दोरीवर टक् असा, कोणी नखाने टिचकी मारावी तसा स्पर्श होतो, किंवा पडायला हवे त्याआधीच दोरी सैल पडते. दोन्ही वेळी रॉड उचलायचाच. नुसती खरखर जाणवून शेपटीचा तुकडा गेलेला दिसला, तर खाली केंड आहेत, आणि त्यांच्यावर आमिषे वाया घालवण्यापेक्षा पन्नास पावले सरकावे.

जिथे डोल, म्हणजे प्रवाहात बांधलेले पिशवीसारखे जाळे, लावलेली असेल किंवा पाण्यात खुंट्यांची रांग दिसेल, तिथून दूर राहावे. कोळ्यांच्या जाळ्यात अडकलेला गळ त्यांचे हात फाडतो. उघाडीच्या दगडांवर शेवाळ असते, तेव्हा पकड असलेले बूट घालावेत, आणि चिखलात उतरायचेच असेल तर पाय उचलून न टाकता सरकवत चालावे, म्हणजे तळाशी पुरलेले, शेपटीत विषारी काटा असलेले पाकट आधीच हलते. शिंगाळा लागला तर त्याला हाताने धरू नये, पाठीचा आणि दोन्ही बाजूंचे काटे विषारी असतात, म्हणून पक्कडीने गळ फिरवून तो पाण्यातच सोडावा. गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून ठेवला, तर हे काम सोपे होते, आणि स्वतःच्या बोटात गेलेला गळही दवाखान्यात न जाता निघू शकतो.

जिताडा काठाशी आल्यावर त्याला दोरीने उचलू नये. जाळीचे टोपले वापरावे, किंवा खालचा जबडा हातमोजा घातलेल्या अंगठ्याने धरावा. गालफडात बोटे कधीही घालू नयेत. जिताडे आयुष्याच्या पूर्वार्धात नर असतात आणि वाढल्यावर मादी होतात. त्यामुळे हाताच्या लांबीएवढा जिताडा म्हणजे बहुधा अंडी देणारी मादीच असते, आणि घरी नेण्यासाठी दोन-तीन किलोचा मासा पुरेसा होत असल्याने मोठी मी पाण्यातच फोटो काढून सोडतो. हे प्रत्येकाने करावेच असा आग्रह नाही.

घरी आल्यावर

जिगहेड आणि गळ गोड्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून मगच पेटीत ठेवावेत, नाहीतर एका ओल्या गळाचा गंज सगळ्यांना लागतो. आमिषे मूळ पाकिटातच ठेवावीत, कारण गडद रंग शेजारच्या पांढऱ्यात उतरतो आणि तो डाग जात नाही. फाटलेली आमिषे खाडीत न फेकता खिशातल्या पिशवीत टाकून परत आणावीत, कारण माशाच्या पोटात गेलेले रबर पचत नाही.

पाकिटात दुमडून पडल्याने वाकलेल्या शेपट्यांसाठी एक सोपा उपाय आहे. नेहमीच्या वापरात नसलेल्या पातेल्यात पाणी उकळून आच बंद करावी, आमिष डोक्याकडून चिमट्यात धरून शेपूट वीस-तीस सेकंद पाण्यात बुडवावी, बाहेर काढून सपाट ताटलीवर हवी तशी सरळ ठेवावी आणि वरून थंड पाणी ओतावे. टीपीईच्या आमिषांना आणि आत शिसे-गळ बसवलेल्या शॅडना हा प्रयोग करण्याआधी एका जुन्या तुकड्यावर पाहून घ्यावे, आणि ते पातेले पुन्हा चहाला घेऊ नये.